हरित इमारती शिकलेला पदवीधर: त्याने वाचवलेला पैसा जातो कुणाकडे?

कुळागर (फोंडा)

गोव्यात सरकार, आईबाप आणि विद्यार्थी मिळून पाच वर्षे पैसा घालतात तेव्हा एक आर्किटेक्ट तयार होतो. पणजीतल्या आल्तिनोवरचे आर्किटेक्चर कॉलेज १९८२ पासून हे काम करते आहे. फर्मागुडीचे इंजिनिअरिंग कॉलेज त्याच्याही आधीचे, १९६७ चे. या मुलांना ऊर्जा, पाणी, उजेड आणि वारा यांचा हिशेब मांडून इमारत रचायला शिकवायचे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला: याचा आर्थिक फायदा काय? प्रश्न योग्यच आहे. उत्तर मात्र आपण भलत्याच ठिकाणी शोधतो, असे माझे मत झाले आहे. आपण ते मुलाच्या पहिल्या पगारात शोधतो. तो फायदा पगारात दिसतच नाही, कारण तो दुसऱ्याच कुणाच्या वीजबिलात वाचलेला असतो.

एक हिशेब मांडतो. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. समजा २४ खोल्यांचे छोटे हॉटेल आहे. प्रत्येक खोलीत दीड टनाचा एसी. खोली भरलेली असेल त्या दिवशी एसी १० युनिट खातो, वर्षातल्या २०० रात्री खोली भरलेली असते आणि युनिटचा दर ७ रुपये. म्हणजे वर्षाला ४८,००० युनिट आणि ३,३६,००० रुपये, तेही फक्त एसीचे.

आता ही इमारत कागदावर असतानाच एखाद्या जाणत्या मुलाने हातात घेतली. पश्चिमेच्या खिडक्यांना खोल छज्जे आणि बाहेरून लाकडी झडपा दिल्या. वरच्या मजल्याच्या स्लॅबवर कौलांचे छप्पर घेऊन मधे हवा खेळती ठेवली. प्रत्येक खोलीत चांगला पंखा दिला, म्हणजे पाहुण्याला २५ अंशांवरही बरे वाटेल आणि तो २२ वर जाणार नाही. एसीचे तापमान १ अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे बीईई (केंद्राची ऊर्जाबचतीची संस्था) सांगते. तीन अंशांचे १८ टक्के झाले. सावली आणि छप्पर धरून एकूण २५ टक्के धरायला मला तरी संकोच वाटत नाही. वर्षाचे ८४,००० रुपये. दर एक पैसाही वाढला नाही तरी १५ वर्षांचे १२,६०,०००. शिवाय दीड टनाऐवजी एक टनाचा एसी पुरला आणि खोलीमागे ७,००० रुपये वाचले, तर पहिल्याच दिवशी १,६८,००० हातात.

आणि ज्याने हे केले त्याला काय मिळाले? आपल्याकडे आर्किटेक्टची फी बहुतेक वेळा बांधकामखर्चाच्या टक्केवारीवर ठरते. फी ५ टक्के असेल तर १,६८,००० चा खर्च कमी केल्याबद्दल त्याचे ८,४०० रुपये बुडाले. वर आठवडाभराचे काम वाढले ते वेगळे. मग ऑफिसचा मालक त्या मुलाला जास्त पगार कशातून देणार? मी स्वतः ऑफिस चालवतो, म्हणून हे लिहितो आहे. या ज्ञानाला मोल आहे, पण ते ज्याच्याकडे आहे त्याच्यापर्यंत पैसा पोचायला वाटच ठेवलेली नाही.

दुसरी गोष्ट स्थानिक ज्ञानाची. पणजी साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उत्तरेलाच राहतो. जून-जुलैत ढग असतात, त्यामुळे ते जाणवत नाही. पण मे महिना म्हणजे आपला सर्वांत उकाड्याचा काळ, आणि नेमक्या तेव्हाच उत्तरेच्या भिंतीवर ऊन असते. दिल्लीत दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. तिकडच्या अनुभवावर लिहिलेल्या टिपणांत उत्तरेची बाजू 'सुरक्षित' धरून मोठी काच सुचवलेली असते, आणि मुले ती काच तशीच पर्वरीच्या प्लॉटवर आणून ठेवतात. एप्रिल-मे मध्ये सूर्य मावळतोही पश्चिमेच्या उत्तरेला. वायव्येच्या खोलीत संध्याकाळी सहा वाजता उभे राहिले की हे पुस्तकाशिवाय कळते.

आपली जुनी घरे हे जाणून होती. चारी बाजूंनी खाली उतरलेले मंगळुरी कौलांचे छप्पर, मधले राजांगण, पुढचा सोपा किंवा बल्कांव, शिंपल्यांच्या खिडक्यांतून येणारा मंद उजेड. पण फोटो काढून त्याला 'पारंपरिक शहाणपण' म्हणण्याने काही होत नाही. त्यातले काय आजच्या चार मजली आरसीसी इमारतीत चालते आणि काय चालत नाही, हे आकड्यांनी सांगू शकणारी मुले हवीत.

केंद्राच्या २०१९ च्या इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅनमध्ये म्हटले आहे की २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची थंडाव्याची गरज सुमारे ८ पट होईल. त्याच आराखड्यात एसी-फ्रीज दुरुस्त करणाऱ्या १ लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण द्यायचे ठरले होते. चांगले आहे, ते हवेच. पण एसी किती मोठा लागणार हे तंत्रज्ञ येण्याच्या दोन वर्षे आधी ड्रॉइंग बोर्डावर ठरून गेलेले असते. तिथे बसलेल्या आर्किटेक्टच्या प्रशिक्षणाची किंमत आपण कशी मोजायची, आणि ती कुणी द्यायची? गोव्यात काम करणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी आणि बिल भरणाऱ्यांनीही लिहावे.

---

चिरेबंदी (डिचोली)

कुळागरबाब, हॉटेलपुरता हिशेब पटला. जो बांधतो तोच बिल भरतो, म्हणून तिथे जमते. पण मी कंत्राटदार, माझी निम्मी कामे म्हणजे बाहेरच्या लोकांची दुसरी घरे. मालक डिसेंबरात येतो, मे मध्ये आला तर आला, बाकी वर्षभर कुलूप. त्याला वीजबिल वाचवायची गोष्ट सांगून उपयोग नाही. बिलच येत नाही तर वाचवणार काय?

तरी या घरांत पैसा वाया जातोच, फक्त तो बुरशीत जातो. गेल्या पावसाळ्यानंतर एका व्हिलाचे काम आले. नैर्ऋत्येच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून भिंतभर कपाट केलेले. मागचा प्लाय हाताने सोलून काढता येत होता. आतले कपडे, बूट, चामड्याची बॅग, सगळे हिरवे. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. भिंत एकाच चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जाडीची, बाहेरून सिमेंटचे प्लास्टर, त्याला केसासारखे तडे. चिरा मुळातच सच्छिद्र. पाणी आत शिरते आणि चार महिने घर बंद, वारा नाही, मग ते जाणार कुठे?

हेच कपाट नकाशावर आतल्या भिंतीला सरकवायला शून्य रुपये लागले असते. दारांच्या वर जाळीचे झरोके ठेवले असते, बाथरूमच्या खिडकीची वरची पट्टी कायम उघडी राहील अशी दिली असती, तर बंद घरातही हवा फिरली असती. मालकाला नवे कपाट, भिंतीचे वॉटरप्रूफिंग आणि रंग असा जो खर्च आला, तेवढ्यात एखाद्या नव्या आर्किटेक्टचा बऱ्याच महिन्यांचा पगार निघाला असता. नकाशा गोव्याबाहेरच्या एका मोठ्या ऑफिसने केला होता. ड्रॉइंग अगदी सुंदर होती, ते खोटे कशाला बोलू.

तेव्हा हिशेब मांडताना फक्त युनिट मोजू नका. वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जागेत ओल हाच मोठा खर्च आहे.

---

रानवाट

वाचते आहे. आमच्या वाळपईच्या घराला दरवर्षी शेकारणीला माणसे मिळत नाहीत म्हणून स्लॅब घालायचे घाटते आहे. या धाग्यामुळे जरा थांबू म्हणते.

---

दूरची_सावली (सध्या बेंगळुरू)

मी गोव्यातच बी.आर्क. केले आणि आता बेंगळुरूत इमारतींच्या ऊर्जा-विश्लेषणाचे काम करते. कुळागर सर, तुमच्या 'पैसा पोचायला वाट नाही' या वाक्यावर एक भर घालते. वाट आहे, पण ती गोव्याबाहेरून जाते. गोव्यातल्या मोठ्या हॉटेलांचे ग्रिहा किंवा आयजीबीसीचे, म्हणजे हरित इमारतीच्या मानांकनाचे, काम निघाले की ते आमच्यासारख्या बाहेरच्या ऑफिसांकडे येते. मी इथे बसून गोव्याच्या इमारतीचे संगणकावर मॉडेल करते, त्याची फी बेंगळुरूत जमा होते आणि माझा पगारही इथेच खर्च होतो. मला शिकवायला खर्च गोव्याने केला.

आणि यात असे काहीही नाही जे आल्तिनोवर बसून करता येणार नाही. इमारतीला किती ऊर्जा लागेल ते काढणारे सॉफ्टवेअर, एनर्जीप्लस, मोफत आहे, पणजीची हवामानाची फाइलही मोफत मिळते. साधा लॅपटॉप पुरतो. कमी पडतो तो हाताखाली घेऊन शिकवणारा माणूस. पहिली काही मॉडेल्स मी केली तेव्हा आकडे सुंदर आले होते, पण वरिष्ठांनी एकच विचारले: "रात्री खिडक्या उघड्या धरल्यास, पण गोव्यात ऑक्टोबरमध्ये रात्री बाहेरची हवा किती दमट असते ते पाहिलेस का?" कोरड्या हवामानात रात्रीची थंड हवा आत घेऊन भिंती गार करता येतात. आपल्याकडे त्या हवेबरोबर दमटपणाही आत येतो, आणि सकाळी एसी लावला की आधी ते पाणी काढण्यात वीज जाते. डेझर्ट कूलर आपल्याकडे चालत नाही तोही याच कारणाने. अंगावरून वारा खेळता ठेवणे आणि ऊन बाहेरच अडवणे, या दोन गोष्टी गोव्यात सगळ्यांत स्वस्तात पडतात.

मात्र चिरेबंदी दादांनी सांगितलेली कपाटाची गोष्ट माझ्या सॉफ्टवेअरमध्ये कधीच दिसली नसती. ते शिक्षण साइटवरचे आहे आणि ते मला मिळाले नाही.

---

स्पष्टवक्ता (मडगाव)

सगळे वाचले. माझा सरळ प्रश्न आहे. या ज्ञानाची एवढी किंमत असेल तर बाजार ती देईलच. हॉटेलवाल्याला वर्षाला ८४,००० वाचणार असतील तर तो खुशीने १ लाख फी देईल. देत नाही याचा अर्थ त्याला एवढी किंमत वाटत नाही. मग करदात्याच्या पैशातून हे प्रशिक्षण का चालवायचे?

---

खातेवही (पणजी)

स्पष्टवक्ता, मी बँकेत मालमत्तांची कर्जप्रकरणे पाहतो, म्हणून उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

किंमत वाटायला आधी ती दिसावी लागते. तुम्ही फ्लॅट घेताना चटईक्षेत्र, मजला, पार्किंग, रस्त्यापासूनचे अंतर हे सगळे कागदावर येते. हा फ्लॅट एप्रिलमध्ये किती तापतो, हे कुठल्याच कागदावर नसते. आमच्या मूल्यांकनाच्या अहवालातही त्याला रकाना नाही. दोन फ्लॅट शेजारी शेजारी, एक पश्चिमेला उघडा, एक सावलीत. दोन्हींचा दर सारखा. मग बिल्डर सावलीवर खर्च का करील? खर्च त्याचा आणि बचत पुढे राहायला येणाऱ्याची.

उलट काही नियम नकळत दुसऱ्या बाजूला ओढतात. रेराच्या व्याख्येत चटईक्षेत्रातून बाहेरच्या भिंतींची जागा वगळलेली आहे. ग्राहकाच्या दृष्टीने ते न्याय्यच आहे. पण परिणाम असा की बाहेरची भिंत जितकी जाड, तितके विकायचे क्षेत्र कमी. जाड चिरेबंदी भिंत किंवा मधे पोकळी सोडलेली दुहेरी भिंत बिल्डरला जागेतच तोटा देते. तिच्यामुळे खोली किती गार राहिली हे कुणी मोजून दाखवत नाही, तोवर तो तोटा भरून येणार नाही.

तेव्हा बाजार किंमत देत नाही याचे कारण मोजणारी माणसे नाहीत, आणि मोजणारी माणसे तयार होत नाहीत कारण बाजार किंमत देत नाही. हे चक्र कुणीतरी एका जागी तोडावे लागेल. तेवढ्यापुरता सार्वजनिक पैसा घालणे मला योग्य वाटते, कारण फायदाही सार्वजनिक आहे. गोवा आपली जवळजवळ सगळी वीज बाहेरून घेतो. मे महिन्यातल्या रात्री सगळे एसी एकदम चालू होतात त्या वेळची वीज, त्यासाठी लागणारी केबल आणि ट्रान्सफॉर्मर यांचा खर्च ज्याने सावलीत घर बांधले त्याच्याही बिलात येतो.

---

स्पष्टवक्ता

ट्रान्सफॉर्मरचा मुद्दा मान्य. तरी अभ्यासक्रमाला पैसे देण्याआधी कायद्याने सक्ती करा ना. सक्ती आली की मागणी आपोआप येईल.

---

कुळागर

सक्ती काही प्रमाणात आहेच. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली. घरांसाठी २०१८ मध्ये इको-निवास संहिता आली. ऊर्जा संवर्धन कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतींनाही त्याच्या कक्षेत आणायची सोय झाली. पण कायद्यातली रेषा १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणीची आहे. गोव्यातली गेस्ट हाउसे, दहा-वीस खोल्यांची हॉटेले, छोट्या सोसायट्या, बंगले यांतले बहुतेक त्या रेषेच्या खाली राहतात. राज्याला ही रेषा खाली आणता येते, तशी तरतूद त्या दुरुस्तीत आहे. पण उद्या ती ५० किलोवॅटवर आणली तरी प्रस्ताव तपासणार कोण आणि तयार करणार कोण? माणसे नसतील तर कन्सल्टंटचा शिक्का विकत घेण्याचा धंदा होईल. आपण सगळ्यांनी असे शिक्के पाहिले आहेत. म्हणून माझ्या मते माणसे आधी.

आणि मला खरी काळजी आहे ती रेषेखालच्या इमारतींचीच. तिथे कायदा पोचणार नाही, तिथे फक्त नकाशा काढणाऱ्याचे ज्ञान पोचते.

---

वळेसर (ताळगाव)

मी वास्तुकला शिकवते. कुठल्या कॉलेजात ते सांगत नाही, कारण बोलायचे आहे ते सगळ्याच कॉलेजांबद्दल.

आम्ही हा विषय शिकवत नाही असे नाही. हवामान, सूर्याचा मार्ग, सावलीचे कोन, सगळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात येते. अडते कुठे तर विद्यार्थी स्वतः रचलेली इमारत कधीच तापलेली पाहत नाही. डिझाइनच्या ज्युरीला गुण मिळतात ते चित्राला. 'ही खोली २ अंश गार राहील' असे शीटवर लिहिले की ते खरे मानले जाते, तपासायला इमारतच नसते. त्यामुळे हे ज्ञान मुलांच्या मनात सजावटीसारखे राहते.

प्रॅक्टिकल ट्रेनिंगचे सत्र असते, पण चांगली मुले मुंबई, अहमदाबाद, बेंगळुरूची मोठी नावे शोधतात. साहजिक आहे, माझी मुलगी असती तर मीही तेच सांगितले असते. तिथे त्यांना मोठ्या प्रकल्पाचा एक तुकडा मिळतो, जिन्याचे तपशील किंवा टाइल्सची मांडणी.

मला एक वेगळी पद्धत करून पाहायची आहे. ब्रिटनमध्ये १९७५ मध्ये टीचिंग कंपनी स्कीम सुरू झाली, २००३ पासून तिला नॉलेज ट्रान्सफर पार्टनरशिप म्हणतात. पदवीधर एक ते तीन वर्षे एखाद्या कंपनीत राहून ठरलेला एकच प्रश्न सोडवतो, विद्यापीठातले शिक्षक त्याला मार्गदर्शन करतात, खर्च सरकार आणि कंपनी वाटून घेतात. मला यात आवडते ते हे की मुलगा 'हाताखालचा माणूस' म्हणून जात नाही, एक प्रश्न घेऊन जातो, आणि शेवटी त्या प्रश्नाचे काय झाले हे आकड्यांत सांगावे लागते. आपल्याकडेही राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेत पदवीधराच्या किमान स्टायपेंडचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. म्हणजे पैशाची एक खिडकी उघडी आहे. त्या खिडकीशी उभे राहणारे छोटे ऑफिस, कंत्राटदार आणि हॉटेल यांना एकत्र आणणारे कुणी नाही.

---

दूरची_सावली

वळेसर मॅडम, हे माझ्या वेळी असते तर मी बेंगळुरूला आले नसते, हे मनापासून सांगते. फक्त एक विनंती. तो प्रश्न एकट्या हॉटेलमालकाने ठरवू नये. नाहीतर मुलांना सोलर पॅनेलच्या जाहिरातीसाठी राबवले जाईल.

---

चिरेबंदी

मॅडम, तुमच्या यादीत गवंड्याला घ्या.

कागदावर काय आहे यापेक्षा प्लास्टर मारणाऱ्याच्या हातात काय आहे, यावर भिंत कोरडी राहते. साधे उदाहरण देतो. छज्जाच्या खालच्या कडेला एक बारीक खोबण ठेवायची असते, ड्रिप मोल्ड म्हणतो आम्ही. ती असली की पाणी कडेवरून सरळ खाली गळते. नसली की पाणी छज्जाच्या पोटाखालून वळते आणि भिंतीकडे येते. ड्रॉइंगमध्ये ती रेघ असते. साइटवर गवंडी घाईत प्लास्टर ओढतो आणि खोबण बुजते. मी सुपरवायझरला प्रत्येक छज्जाखाली बोट फिरवायला लावतो. नवा इंजिनिअर आला की पहिल्या दिवशी त्यालाही तेच काम. महिनाभराने तो न सांगता वर बघत चालायला लागतो, तेव्हा मी समजतो की हा तयार झाला.

आता साइटवरचे बहुतेक कारागीर कर्नाटक, ओडिशा, झारखंडचे. माणसे कष्टाळू आहेत, पण त्यांच्या गावचा पाऊस आपला नव्हे. कौलांखालची रिप किती अंतरावर मारायची, पाख्याला उतार किती ठेवायचा, चुन्याचा गिलावा किती दिवस भिजवायचा, हे सांगणारे आपले जुने मेस्त्री आता सत्तरीत आहेत. त्यांच्या मुलांपैकी कुणी या धंद्यात नाही.

केरळात १९८५ मध्ये कॉस्टफर्ड ही स्वस्त बांधकामाची संस्था सुरू झाली, आर्किटेक्ट लॉरी बेकर त्यात होते. तिथे इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि गवंडी एकाच साइटवर शिकले. रॅट ट्रॅप बाँडची, म्हणजे विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवलेली, भिंत तिथेच रुजली. विटा साधारण चौथाईने कमी लागतात, मधली पोकळी उष्णता अडवते. आपल्या चिऱ्याला ती पद्धत जशीच्या तशी बसत नाही, पण त्यांनी ज्या रीतीने माणसे घडवली ती बसते. पैशाचे म्हणाल तर प्रत्येक मोठ्या बांधकामावर कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर आपण भरतोच. १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला. तो कामगारांचाच पैसा आहे, त्यातून कामगाराला अशी कारागिरी शिकवली तर त्याची रोजची मजुरी वाढेल. पदवीधरांच्या नावाने तो वळवू नये, हेही स्पष्ट सांगतो.

---

खातेवही

चिरेबंदी यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण पाठिंबा.

कुळागर, फीबद्दल एक सुचवतो. टक्केवारी ठेवा, पण ऊर्जेचे काम वेगळ्या ठोक रकमेने लावा, आणि त्यातला थोडा भाग इमारत वापरात आल्यावर एक वर्षाने, बिले पाहून मिळेल असे करारात घाला. मग त्या मुलाने केलेले काम तुमच्या ताळेबंदात स्वतंत्र ओळ म्हणून दिसेल. आज ते सगळ्या फीमध्ये विरघळलेले आहे, म्हणून त्या मुलाला पगारवाढ देताना तुम्हालाही आधार नसतो.

---

कुळागर

हे करून पाहण्यासारखे आहे. अडचण एकच. बिल पाहून पैसे द्यायचे तर 'एरवी किती बिल आले असते' हे कशावरून ठरवणार? पर्यटन चांगले झाले की बिल वाढते, मंदी आली की आपोआप कमी होते. दोन्हींत माझ्या छज्जाचे कर्तृत्व नसते. खोल्या किती रात्री भरल्या त्याने भागून पाहावे लागेल. आणि गोव्यात असे मोजलेले, लोकांसमोर ठेवलेले आकडे मला सापडलेले नाहीत. दहा-वीस इमारतींचे जरी असते तरी मी ग्राहकाला ते दाखवून फी मागितली असती.

---

मोरजीवारा (पेडणे)

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितो. मोरजीला आमचे १८ खोल्यांचे हॉटेल आहे, वडिलांनी बांधलेले. तीन मजले, पाठ पूर्वेला, तोंड समुद्राकडे, म्हणजे अर्ध्या खोल्या थेट पश्चिमेला. पाहुण्यांना समुद्र दिसायला हवा म्हणून सरकत्या काचा घातल्या. एप्रिल-मे चे बिल पाहिले की पोटात गोळा येतो. पश्चिमेच्या खोल्यांत संध्याकाळी चेक-इन झालेला पाहुणा पहिली तक्रार एसीचीच करतो. आम्ही दोन वेळा एसी बदलून मोठे घेतले.

कुळागरबाबांचे आकडे वाचून कागदावर मांडून पाहिले, माझे त्याहून जास्त येतात. आता बांधलेल्या इमारतीला काही करता येते का? आणि वळेसर मॅडम म्हणतात तसा एखादा विद्यार्थी किंवा पदवीधर वर्षभर माझ्याकडे येऊन मोजणार असेल तर राहायची-जेवायची सोय मी करतो, स्टायपेंडमधला माझा वाटाही देतो. फक्त समुद्राचा देखावा बंद करा असे सांगू नका.

---

वळेसर

मोरजीवारा, तुमच्यासारखा माणूस मी बरेच दिवस शोधते आहे. नुकतीच पास झालेली एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आहे, पेडण्याचीच. तिला विचारून तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवते. देखावा राहील. काचेच्या बाहेर उघडझाप करता येणारे पडदे किंवा झडपा लावता येतात. दुपारी खोली रिकामी असताना बंद, पाहुणा आला की उघडे. ऊन काचेच्या आत आल्यावर आतला पडदा ओढून फारसा उपयोग होत नाही, ते बाहेरच अडवावे लागते.

पण आधी मोजणे, मग बदल. एक पूर्ण एप्रिल-मे आहे तसा मोजला नाही तर पुढच्या वर्षी काय सांगणार?

---

दूरची_सावली

मोजायची तयारी मी इथून करून देते. मोरजीवारा दादा, प्रत्येक खोलीच्या एसीला वेगळा एमसीबी (बोर्डातला फ्यूजसारखा स्विच) आहे का? असेल तर त्याच बोर्डात छोटा सब-मीटर बसतो, वायरमनचे अर्ध्या तासाचे काम. सगळ्या खोल्यांना नको. पश्चिमेच्या चार आणि पूर्वेच्या चार घ्या, तिन्ही मजल्यांवरच्या. वरच्या मजल्याच्या दोन्ही बाजूंच्या हव्यातच, स्लॅबची उष्णता वेगळी काढता येईल. शिवाय खोलीत तापमान आणि दमटपणा नोंदवणारे लहान यंत्र. खोली कुठल्या रात्री भरली होती हे तुमच्या रजिस्टरवरून कळेल.

खोलीत की-कार्डवर वीज चालू-बंद होते का?

---

मोरजीवारा

एमसीबी वेगळे आहेत. की-कार्ड आहे, पण पाहुणे दुसरे कार्ड मागून घेतात आणि एक आत खोचून बीचवर जातात. एसी दिवसभर चालूच.

---

दूरची_सावली

मग दर तासाची नोंद ठेवणारा सब-मीटर घ्या, महिन्याचा एकच आकडा देणारा नको. रिकाम्या खोलीत चाललेल्या एसीचे युनिट वेगळे काढावे लागतील, नाहीतर ते सगळे पश्चिमेच्या उन्हाच्या नावावर पडतील. कुठला मीटर घ्यायचा ते निरोपात कळवते.

---

कुळागर

माझ्या ऑफिसात दोन तापमान-नोंद यंत्रे पडून आहेत, ती देतो. आणि ती मुलगी तयार असेल तर मोरजीचे काम सांभाळून आठवड्यातला एक दिवस तिने आमच्याकडे यावे. चिरेबंदी, तुमची डिचोलीची साइट पावसाआधी प्लास्टरला येईल ना? तिला तिथेही नेऊ.

---

चिरेबंदी

एप्रिलच्या शेवटी बाहेरचे प्लास्टर सुरू होईल. सकाळी आठच्या आत यायला सांगा, ऊन चढले की गवंडी बोलत नाहीत.